सेंटरकडे कोण बघतं

शनिवार, ६ सप्टेंबर १९८६

"आणि तो तुझा कोण लागतो गं बाप्पा?" माझ्या रूममेटनं, वर्षानं, विचारलं. मी ही वही काढून बसले.

झालं ते एवढंच. अमेरिकन फुटबॉलच्या सीझनची, आमच्या युनिव्हर्सिटीच्या टीमची, आज पहिली मॅच, आणि मी आपणहून गेले. एकटी. आजूबाजूला सगळा गाव एका रंगात, मी माझ्या तपकिरी स्वेटरमध्ये. सगळे चेंडूकडे बघत होते. मी ६१ नंबरकडे. तो सेंटर आहे. ओळीच्या मधोमध वाकून उभा राहतो, दोन पायांमधून चेंडू मागं देतो आणि त्याच क्षणी समोरचा पहाड अंगावर घेतो. दर डावात चेंडू सगळ्यांत आधी त्याच्या हातात. पुढं तो कुणी पळवला, कुणी झेलला, टाळ्या त्यांना.

माझे वडील, आबा, जुने पैलवान. लहानपणी म्हणायचे, पैलवानाच्या हाताकडं बघू नकोस पोरी, पायाकडं बघ. आज पायांकडं बघत बसले. दोन वर्षांत पहिल्यांदा इथल्या एखाद्या गोष्टीतलं मला काही कळतंय असं वाटलं. तेवढ्यासाठी गेले असेन. पण हे वर्षाला कसं सांगणार? ती नागपूरची, वडील प्रोफेसर, इथं केमिस्ट्रीत पीएच.डी. करते. तालीम तिनं बाहेरूनही पाहिलेली नाही.

सोम. ८ सप्टें.

डायनिंग हॉलमध्ये (डा. हॉ.) मला आजपासून खेळाडूंच्या काउंटरवर टाकलं. असिस्टंटशिप अर्धीच, म्हणून हे काम. सकाळी मुलांचे स्टॅटिस्टिक्सचे पेपर तपासायचे, संध्याकाळी डोक्याला जाळी बांधून बटाटे वाढायचे. घरी लिहिलंय, युनिव्हर्सिटीतच जास्तीचं काम मिळालं. आमच्या घरात बी.एस्सी. झालेली मी पहिली, एम.एस्सी. पहिली, विमानात बसलेली पहिली. बटाटे कशाला लिहू.

६१ आला. नाव डॅरिल. मैदानात राक्षस दिसतो, ट्रे धरून उभा राहिला तर मान खाली घातलेला मुलगा. माझ्या नावाची पट्टी वाचून "शालन?" म्हणाला. बरोबर म्हणाला! माझे प्रोफेसर अजून 'शॅरन' म्हणतात.

"थँक यू, मॅम." मॅम! त्याच्याहून मी तीन-चार वर्षांनी मोठी असेन.

रवि. १४ सप्टें.

देशमुख काकूंकडे गणपती. त्यांचं घर गाडीनं दीड तास. वर्षाच्या लॅबमधल्या एकानं नेलं. आरतीला तीस माणसं, मोदक फ्रीजरमधल्या खोबऱ्याचे. बायका साड्यांत, मुलं बेसमेंटमध्ये टीव्हीपुढं. काकूंनी विचारलं, वीकेंडला काय करतेस? फुटबॉल बघते म्हटलं तर हसल्या. "अगं, तो कसला खेळ, नुसत्या टकरा! त्यापेक्षा आमच्याकडे येत जा. एक मुलगा आहे, एडिसन गावात असतो, स्वतःचं घर आहे…"

त्यांची लीना सोळा वर्षांची. तिला खेळातलं सगळं येतं. मी सेंटरबद्दल विचारलं तर भुवया वर करून म्हणाली, "नोबडी वॉचेस द सेंटर, शालनताई."

येताना गाडीत सगळे ग्रीन कार्डबद्दल बोलत होते. मी खिडकीतून मका बघत बसले. मैलोन्‌मैल मका, आणि आत माणूस नाही.

शनि. २० सप्टें.

जिंकलो. ("जिंकलो" लिहून गेले.)

लिहून ठेवते, नाहीतर विसरेन. समोरचा ६१ पेक्षा जाड होता. पहिल्या तीन-चार वेळा त्यानं ६१ला मागं रेटलं. मग ६१नं काय केलं, तर जोर लावणं सोडलं. अंग किंचित ढिलं केलं, त्याला येऊ दिलं आणि कंबर फिरवून त्याच्याच वजनानं बाजूला काढला. तालमीत हे शिकवायला वस्तादाला वर्षं लागतात. माझ्या तोंडातून "शाब्बास रे!" निघून गेलं. शेजारच्या बाईनं पॉपकॉर्न पुढं केला, तिला वाटलं मी तो मागितला. आज शनिवार, मारुतीचा उपवास, म्हणून नको म्हटलं. उपवास हे कसं सांगायचं ते कळेना, पोटावर हात ठेवला. आता तिला वाटतंय मी आजारी आहे.

आणखी एक. तो मांडीवर थाप मारत नाही. पाडलेल्याला हात देऊन उठवतो. मग धावत आपल्या जागेवर जातो, जणू काही केलंच नाही.

शनि. ११ ऑक्टो.

आजची मॅच म्हणजे… शब्द नाहीत. खोलीवर येऊन वर्षाला (व.) धरून बसवलं आणि दोन उशा घेऊन दाखवलं. "काय ताकद, काय कंबर, एकदासुद्धा पाय सुटला नाही त्याचा!" व. म्हणाली, "तू लग्नच करून टाक बाप्पा त्याच्याशी."

तसलं काही नाही. हे मी पुन्हा पुन्हा तपासून बघितलंय. त्याच्याशी बोलावंसंसुद्धा वाटत नाही. तो आहे, दर शनिवारी आहे, आणि आपलं काम नीट करतो, एवढ्यानं माझा आठवडा उभा राहतो.

झोपताना आठवलं, तालमीत कुणी पैलवानाची अशी तोंड भरून स्तुती करत नाही. आबांना कुणी "काय अंग कमावलंय" म्हटलं की आजी तिथंच थुंकायची म्हणे, दृष्ट नको म्हणून.

शनि. १८ ऑक्टो.

पडला. तिसऱ्या क्वार्टरमध्ये. ढिगाखालून सगळे उठले, तो उठला नाही. मग उठला, हात हलवला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, खेळत राहिला. सगळे खूश.

माझी दृष्ट लागली त्याला. मी शिकलेली आहे, प्रॉबॅबिलिटी शिकवते, मला माहीत आहे हे खोटं आहे. तरी.

रवि. १९ ऑक्टो.

आज जे केलं ते कळलं तर आई खूश होईल आणि माझे प्रोफेसर मला परत पाठवतील.

संध्याकाळी व. लॅबमध्ये होती. विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रात मॅचचा फोटो आला होता. क्वार्टरबॅकचा, म्हणजे ६१ ज्याला चेंडू देतो त्याचा आहे, पण मागं ६१चा अर्धा खांदा आणि हेल्मेट दिसतं. तो टेबलावर ठेवला. डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून आणलेल्या सुक्या लाल मिरच्या, मीठ, मोहरी मुठीत घेऊन ओवाळलं आणि हॉटप्लेटवरच्या तव्यात टाकलं. आधी काहीच झालं नाही. मग एकदम धूर. आणि मग छताला लावलेली ती धूर ओळखणारी डबी किंचाळायला लागली, तिच्या मागून सगळ्या इमारतीतल्या डब्या.

चारी मजले रिकामे. मुली गाऊनमध्ये, ओल्या केसांनी, थंडीत लॉनवर, खोकतायत, शिंकतायत. लाल बंब आला. एक उंच बंबवाला तवा चिमट्यात धरून बाहेर घेऊन आला. "हे काय आहे?" मी म्हटलं, "स्वयंपाक." तो म्हणाला, "कुणासाठी?"

तेवढ्यात व. आली. तव्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "काय करून राहिली तू? दृष्ट? इथं? कोणाची?" मग तिला कळलं. लॉनवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मीही हसले. किती महिन्यांनी!

आता खिडक्या उघड्या टाकून स्वेटर घालून लिहितेय. हसू गेलं. आई म्हणते, दृष्ट असली तर मिरचीचा ठसका लागत नाही. आज चारी मजल्यांना लागला. म्हणजे दृष्ट नव्हती.

म्हणजे त्याला खरंच काहीतरी झालंय.

मंगळ. २१ ऑक्टो.

डा. हॉ.मध्ये काउंटरवरून टेबलांकडे जायला थोड्या पायऱ्या उतराव्या लागतात. सगळी मुलं धडधडत जातात. आज ६१ उतरला तो बघितला. डावा पाय आधी, ताठ, वाकवायचा नाही. मग उजवा त्याच्या शेजारी. पुन्हा डावा. ट्रे दोन्ही हातांत घट्ट आणि चेहऱ्यावर काही नाही.

आबा असेच उतरतात. माझ्या जन्माआधीपासून. दुखरा पाय आधी खाली, चढताना चांगला आधी वर. अख्ख्या हॉलमध्ये हे कळणारी मी एकटी असेन. नको होतं कळायला.

शुक्र. २४ ऑक्टो.

टेबलाच्या कडेला बसायला लागलाय, पाय लांब करता यावा म्हणून. ग्लास भरून बर्फ नेतो, सरबत घेत नाही; बर्फ गुडघ्यासाठी असणार. मित्र आले की जोरात हसतो.

शनि. १ नोव्हें.

दिवाळी. लक्ष्मीपूजन. काकूंकडे फराळाला बोलावलं होतं, गेले नाही. व. गेली. मॅच बाहेरगावी, म्हणून रेडिओ. रेडिओवर सेंटरचं नाव घेत नाहीत. तो चुकला तरच घेतात. संपूर्ण मॅचभर एकदाही घेतलं नाही. म्हणजे उभा होता. कुठल्या पायावर, देव जाणे.

एक पणती खिडकीत ठेवणार होते, पण ती डबी… टॉर्च ठेवला.

बुध. ५ नोव्हें.

त्यानं मला बघताना बघितलं.

गर्दी ओसरल्यावर ट्रे ठेवायला आला. मी टेबल पुसत होते. मान खाली घालूनच म्हणाला, "तुम्ही कुणाला सांगणार नाही ना, मॅम?"

"काय?" म्हटलं. खोटं बोलता येत नाही मला, चेहरा सांगतो.

"थोड्याच मॅचेस उरल्यात. शेवटच्या मॅचला आई येणार आहे. चार वर्षांत तिला कधी जमलं नाही, नर्सिंग होममध्ये शनिवार-रविवार ड्यूटी असते. शेवटच्या वर्षाच्या मुलांचे आईवडील त्या दिवशी आमच्याबरोबर मैदानात चालत येतात. तिनं कोट शिवून घेतलाय." आणि मग, "मला गुडघा वाकवता येतो. बघा." वाकवला. दात आवळलेले दिसले.

मी म्हटलं, डॉक्टरांना दाखव. तो म्हणाला, "त्यांनी बघितलं, तर बाहेर बसवतील." आणि ट्रे ठेवून गेला.

मी "सांगणार नाही" असं म्हटलं नाही. "सांगेन" असंही म्हटलं नाही.

शनि. ८ नोव्हें.

घरच्या मैदानावर. चेंडू दिल्यावर डाव्यावर वजन टाकत नाही, उजव्यावर फिरतो. अजून समोरच्यांना कळलेलं नाही. कळेल. आबांच्या वेळी समोरच्याला कळलं होतं.

ती गोष्ट आबा सांगत नाहीत, आई सांगते. जत्रेची मोठी कुस्ती, दोन महिने आधीच गुडघा दुखावलेला. वस्तादाला माहीत होतं, तालमीतल्या पोरांना माहीत होतं, मालिश करणाऱ्याला माहीत होतं. नाव जाहीर झालेलं, गावाची इज्जत. समोरच्यानं सुरुवातीच्या खडाखडीतच ओळखलं आणि तोच पाय धरून पट काढला. गुडघा मोडल्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला म्हणे. आबा तेव्हा चोवीस वर्षांचे. आता दूध डेअरीच्या गेटवर बसतात. आई म्हणते, "सगळ्यास्नी ठावं हुतं. येकानं बी मला सांगितलं न्हाई. मी त्यास्नी घराभाईर जाऊ दिलं नसतं."

घरात हे इतक्या वेळा ऐकलं की ऐकू येईनासं झालं होतं.

मंगळ. ११ नोव्हें.

मिसेस कोल आमच्या डा. हॉ.च्या मॅनेजर, चांगल्या आहेत. त्यांना आडून विचारलं: एखाद्या खेळाडूला दुखतंय असं दिसलं तर आपण काय करायचं? त्या म्हणाल्या, "हनी, आपण बटाटे वाढायचे. त्यांना बघायला डॉक्टर आहेत." आणि डोक्यावरची जाळी नीट कर म्हणाल्या.

रवि. १६ नोव्हें.

काल बाहेरगावी हरले. रेडिओवर त्याचं नाव दोनदा घेतलं.

व.शी भांडण. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, टीमच्या डॉक्टरला जाऊन सांग, नाहीतर गप्प बस. मी म्हटलं, डॉक्टर टीमचाच. वस्तादालाही माहीत होतं, वर्षा. आणि त्यांना इतके दिवस दिसत नाही, असं होईल का? तिनं विचारलं, मग कोणाला सांगणार?

"त्याच्या आईला," मी म्हटलं.

व. उठूनच बसली. "वेडी का तू? हे काय तुझं गाव आहे का? तो एकवीस वर्षांचा आहे! इथं कोणी कोणाच्या आईला सांगत नाही. त्याची प्रायव्हसी आहे, त्याचं करिअर आहे. त्याची आई म्हणेल, तू कोण?"

"तेच तर. मी कोणी नाही. मला त्याच्यापासून काही मिळवायचं नाही."

"मिळवायचं नाही? अगं, दर शनिवारी काय मिळवून राहिली तू मग?"

तेव्हापासून बोललो नाही. ती बोलली ते खरं आहे. तो खेळला नाही तर माझ्या शनिवारांचं काय? आणि सांगितलं तर तो माझ्याकडं परत बघणार नाही. ह्या देशात माझं नाव रोज नीट घेणारी माणसं किती आहेत? व. आणि तो. व. आत्ता भिंतीकडं तोंड करून झोपलीय.

मंगळ. १८ नोव्हें.

दुसरी बाजूही लिहून बघते. त्याचं शरीर, त्याचा निर्णय. त्यानं विश्वासानं सांगितलं. तिचा कोट. मैदानात चालत येणं. चार वर्षं कुणी न बघितलेला सेंटर, त्याला एकदा आईनं बघावं, एवढंच मागणं. मी कोण ते हिरावून घेणारी? आणि मला चुकीचंही वाटत असेल. दोन पायऱ्यांवरून निदान करणारी मी काय…

पण सकाळी केस विंचरताना सारखे आबा दिसत होते. गेटवरच्या स्टुलावर. पाय लांब केलेला. ट्रक आला की दोन्ही हातांनी पाय उचलून बाजूला घेतात.

गुरु. २० नोव्हें.

६१ आज स्वतः बोलला. खूश होता. "उद्या आई येतेय. तुम्हाला भेटवतो. उद्या आईवडिलांना इथंच जेवण आहे." मी बटाटे जास्त वाढले. तो म्हणाला, "मॅम, तुमच्याकडे आया मॅच बघायला येतात का?"

"नाही," म्हटलं. "बायकांना आखाड्यात येऊ देत नाहीत."

"मग त्यांना कसं कळतं?"

"नंतर कळतं."

व.नं आज माझ्यासाठी वरणभात करून ठेवला होता. बोलली नाही, पण लिंबूसुद्धा कापून ठेवलं होतं.

शुक्र. २१ नोव्हें.

सांगितलं. आता परत घेता येत नाही. पुढं काय झालं ते उद्या दुपारी सगळ्या स्टेडियमला कळेल. मला आत्ता काही माहीत नाही.

साडेपाचला आले दोघं. ती लहानखुरी, त्याच्या कोपराएवढी. कोट गडद निळा, टीमच्या रंगाचा, बटणं मोठी. त्यानं खरंच ओळख करून दिली. "ही शालन, आई. सांगितलं होतं ना?" तिनं माझा हात दोन्ही हातांत घेतला. हात खरखरीत, सारखे धुतलेले. म्हणाली, "तू त्याला जास्त वाढतेस ना? मला माहीत आहे. फोनवर सांगतो." मला वाटलं, नाही सांगता येणार. व.चं बरोबर आहे. इथं असं करत नाहीत.

जेवण झाल्यावर टीमची मीटिंग होती, तो गेला. ती एकटीच बसून राहिली, पर्स मांडीवर, कुणाशी ओळख नाही. बाकीच्या आया एकमेकींशी बोलत होत्या, घरं, गाड्या, मागच्या वर्षीची मॅच. हिच्याकडं कुणी वळत नव्हतं. कॉफीचं भांडं घेऊन गेले. तिनं कप पुढं केला. मी ओतली आणि तिथंच उभी राहिले. मग जाळी काढली डोक्यावरची. का ते माहीत नाही. जाळी घालून हे बोलता आलं नसतं.

"मॅम, डॅरिलच्या गुडघ्याला लागलंय. महिना होऊन गेला. तो लपवतोय. उद्या खेळला तर कदाचित पुढं कधी नीट चालता येणार नाही. मी डॉक्टर नाही. पण माझ्या वडिलांचं असंच झालं होतं, आणि सगळ्यांना माहीत होतं, आणि माझ्या आईला कुणी सांगितलं नाही."

इंग्रजी सगळं चुकलं असेल. एका दमात बोलले.

तिनं कप खाली ठेवला. कॉफी बशीत सांडली, ती तिनं नॅपकिननं पुसली, नीट, कडेपर्यंत. मला वाटलं, आता विचारेल, तू कोण? तुला काय करायचंय? नाहीतर रडेल. कोटाचं वरचं बटण तिनं उघडलं, परत लावलं.

"त्यानं सांगू नको म्हटलं होतं?"

"हो."

ती उठली. उभी राहिल्यावर माझ्याहूनही बुटकी. पर्स खांद्याला लावली, जशी ड्यूटीवर निघताना लावत असेल.

"कुठला गुडघा?" तिनं विचारलं.

"डावा," मी म्हटलं.